काचेची वाट

८ जून, शनिवार

मृगाचा पहिला पाऊस आज दुपारी आला आणि गाडीची चालकाकडची काच अर्ध्यावर थांबली. बटण दाबलं की दारातून बारीक 'टक्' ऐकू यायचं, आतला दिवा क्षणभर मंद व्हायचा, पण काच जागची हलायची नाही. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं तर बोटभर वर सरकली आणि परत थांबली.

दिवा मंद होतो ही खूण महत्त्वाची. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, दिव्यावरही परिणाम नाही, तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही असं समजायचं. तेव्हा दोष फ्यूजमध्ये, बटणात नाहीतर वायरीत शोधायचा. दिवा मंद झाला, म्हणजे मोटर वीज ओढते आहे पण तिला फिरता येत नाही. आणि मोटर घरघर फिरते, काच मात्र ढिम्म, असं असेल तर आतली तार तुटलेली असते किंवा काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप मोडलेली असते.

शेवटी शेजारच्या मुलाला आत बसवलं. त्याने बटण वर ओढून धरलं, मी बाहेरून दोन्ही तळवे काचेला लावून वर रेटलं, आणि काच बंद झाली. लगेच बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. थांबलेल्या मोटरला पुन्हा पुन्हा वीज देत राहिलं की ती तापते. बहुतेक मोटरांत, फार तापल्यावर प्रवाह तोडणारा एक छोटा भाग असतो आणि मोटर निवली की तो पुन्हा प्रवाह जोडतो. जरा थांबून दाबलं की काच थोडी हलते ती त्यामुळे. पण रोज त्याच्या भरवशावर राहिलं तर मोटर आतून करपत जाते.

पुढच्या शनिवारी आईला घेऊन रत्नागिरीला जायचं आहे. आंबा घाटात या दिवसांत धुकं आणि पाऊस दोन्ही असतं. काच दुरुस्त झाल्याशिवाय निघणं नाही.

९ जून, रविवार

पाऊस दिवसभर. गाडी झाकून ठेवली आणि दाराच्या आत काय असतं ते वहीत रेखाटून काढलं.

दाराच्या पोकळीत बारा व्होल्टची लहान मोटर असते. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एक दातेरी चाक फिरवतात. हा वर्म गिअर. दांड्याचे कितीतरी फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, म्हणून मुठीएवढी मोटर एवढी जड काच उचलते. या रचनेचा दुसरा गुण असा, की दांडा चाकाला फिरवतो, पण चाकाला दांडा फिरवता येत नाही. त्यामुळे बाहेरून कुणी काच खाली दाबली तरी ती उतरत नाही. चाकाबरोबर एक रीळ फिरतं. त्यावर पोलादी तार असते, ती एका बाजूने गुंडाळली जाते आणि दुसऱ्या बाजूने सुटते. त्या तारेबरोबर, उभ्या पट्टीवरून, काच धरणारा तुकडा वरखाली सरकतो. या सगळ्या सांगाड्याला गॅरेजमध्ये काचमशीन म्हणतात.

काच वर घ्यायला आणि खाली सोडायला मोटर एकच, आणि तिला वायरीही दोनच. बटणाला हात नसतो तेव्हा साधारणपणे दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात. वरचं बटण दाबलं की एकीला बारा व्होल्ट मिळतात, खालचं दाबलं की दुसरीला. प्रवाहाची दिशा बदलली की मोटर उलटी फिरते.

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० साली आपल्या महागड्या गाड्यांना बटणावर चालणाऱ्या काचा दिल्या. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरापर्यंत ही सोय यायला पुष्कळ काळ गेला. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही २०१४ साली बनायची थांबली, आणि तिच्यात बसणाऱ्या बहुतेकांनी काच हँडल फिरवूनच वरखाली केली. बाबांची गाडी तीच. हँडल जरा जड लागलं की बाबा त्या रविवारी ओल्या फडक्याने काचेच्या बाजूचं रबर पुसायचे. बिघाडाची पहिली बातमी त्यांच्या मनगटाला कळायची.

बटणाने ती बातमी आपल्यापर्यंत येणं बंद झालं. रबर गुळगुळीत असो की धुळीने भरलेलं असो, बोटाला तेवढाच जोर लागतो. वाढलेलं ओझं मोटर एकटी सोसत राहते आणि आपल्याला कळतं ते ती थांबल्यावर.

११ जून, मंगळवार

शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला सकाळी फोन केला होता. गाडी न बघताच उत्तर आलं, "मॅडम, पूर्ण सेट बदलावा लागेल." मी कोल्हापूरचं उद्यमनगर गाठलं. लेथ, फाउंड्री आणि इंजिनांच्या सुट्या भागांच्या या वस्तीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. वय साठीच्या पुढे. हाताखाली एक तरुण मुलगा.

"ताई, आधीच मोटरच्या नावानं बोंब नको," ते म्हणाले. "बघू या की, काय म्हणतीय ती."

त्यांनी तपासणी बाहेरून आत नेली. आधी इंजिन चालू केलं, कारण इंजिन चालू असताना गाडीतला दाब चौदा व्होल्टच्या आसपास जातो आणि थकलेली मोटरही जरा बरी चालते. चालली, पण कुंथत. मग दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सारून तिच्यातल्या वायरी एकेक वाकवून पाहिल्या. दार रोज उघडतं आणि मिटतं, तेव्हा वायरी इथेच वाकतात. वरचं आवरण धड दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. आमच्या वायरी चांगल्या निघाल्या.

त्यानंतर इंजिन बंद करून बटणांची पट्टी उचलली आणि कपलरवर मीटर लावला. बटण न दाबता व्होल्टेज पाहून काही कळत नाही, हे त्यांनी मुलाला मुद्दाम सांगितलं. खरा आकडा मोटर ओढत असतानाचा. बटणातले पॉइंट जळलेले असतील तर दाबताक्षणी व्होल्टेज सात-आठवर कोसळतं. इथे बाराच्या थोडंसंच खाली आलं. सप्लाय ठीक.

मग प्रवाह मोजायला क्लँप मीटर. डावीकडच्या पुढच्या काचेची मोटर पाचेक अँपिअरवर काच वर नेत होती. माझ्या बाजूची चौदापर्यंत चढली आणि काच थांबली तेव्हा विशीला टेकली. मिस्त्रींनी बटण सोडायला लावलं, पुन्हा दाबायला सांगितलं आणि आपण दाराच्या पॅडवर मोटरच्या जागी मुठीने दोन-तीन ठोके दिले. काच झटकन चार बोटं वर गेली.

"कार्बन घासल्यात," ते म्हणाले. "पण नुसतं तेवढंच न्हाई. हिला ओझं जास्त हाय. ते ओझं कशाचं, ते शोधायचं. न्हाईतर नवीन मोटर पण ह्याच वाटेनं जाईल."

मला हेच ऐकायचं होतं. सुटा भाग बदलणारे पुष्कळ आहेत. तो भाग का गेला हे विचारणारा माणूस मिळाला की काम त्याच्याच हाती द्यावं.

१२ जून, बुधवार

आज दार उघडलं. मला शेजारी स्टुलावर बसवून मिस्त्रींनी प्रत्येक गोष्ट दाखवली.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह काढली. आतल्या हँडलच्या वाटीतला स्क्रू, हात टेकायच्या जागेखालचा स्क्रू, आणि मग पॅडच्या कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपा. त्या लोखंडी पेचकसाने उचकटल्या तर मोडतात, म्हणून त्यांच्याकडे घासून पातळ केलेली प्लॅस्टिकची पट्टी आहे. पॅड वर उचलून सुटलं, त्याच्या मागची दाराच्या कुलपाची केबल आणि कपलर काढले.

पॅडच्या मागे पॉलिथिनचा कागद असतो, काळ्या चिकट गमने पत्र्याला चिकटवलेला. पुष्कळांना तो कंपनीचं राहिलेलं पॅकिंग वाटतो. स्पीकर बसवून घेताना माझ्या गाडीत कुणीतरी तो खालून फाडलेला होता. मिस्त्रींनी त्यावर बोट ठेवलं. "दारात पाणी येतंच. काचेच्या कडेनं उतरतं, खाली भोकं असत्यात, त्यातनं बाहेर जातं. हा कागद त्याला आतल्या बाजूला येऊ देत न्हाई."

दाराला खालून तीन लांबट भोकं होती. मी वाकून पाहिलं, तिन्ही बुजलेली. गुलमोहराखाली गाडी उभी असते. त्याची बारीक पानं काचेच्या फटीतून आत पडून, धुळीबरोबर कुजून, घट्ट थर झाला होता. मुलाने जाड वायरीने भोकं मोकळी केली तेव्हा कळकट पाणी बराच वेळ गळत राहिलं. हे पाणी साठून पत्रा आतून गंजतो आणि त्याच्या दमटपणात मोटर व कपलर वर्षानुवर्षं राहतात.

मग काच चौकटीला रुंद चिकटपट्टीने बांधली आणि पत्र्याच्या खिडकीतून दहाचा पाना घालून काचमशीनपासून काच सोडवली. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घातले होते. आता काच कशालाही जोडलेली नव्हती. मिस्त्रींनी चिकटपट्टी काढली आणि मला म्हणाले, "ताई, दोन्ही हातांनी धरा, वरखाली करून बघा."

मी पाहिलं. खाली काच सहज सरकत होती. अर्ध्याच्या वर गेल्यावर मागची कड रुतायला लागली आणि शेवटचे चार इंच तर रेटूनच न्यावे लागले. मोटर रोज जे सोसत होती ते पहिल्यांदा माझ्या हातांना कळलं. दाराच्या कामातली सर्वांत महत्त्वाची परीक्षा हीच, आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

कारण चॅनेलमध्ये सापडलं. काच ज्या रबरी खोबणीतून धावते तिला आतून मऊ लव असते. मागच्या खोबणीत ती लव झिजून गेली होती आणि उन्हाळ्यातली धूळ पहिल्या पावसाने चिखल होऊन तिथे बसली होती. शिवाय काचेच्या मागच्या कडेला काळपट, टणक रेघ होती. जुन्या सनफिल्मचा डिंक. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवरच्या फिल्मला मनाई केली तेव्हा माझ्या गाडीची फिल्म सोलून काढली होती. रबराखाली झाकलेल्या कडेवर तिचा डिंक तेवढा उरला आणि इतकी वर्षं रबराला घासत राहिला.

१४ जून, शुक्रवार

मोटर बाहेर काढायची तेव्हा तार रिळावरून उसळू नये म्हणून मिस्त्रींनी आधी ती रिळाशी बांधून घेतली, मगच मोटरचे तीन स्क्रू सोडले. ही काळजी न घेता मोटर ओढली तर तार सुटून गुंता होतो आणि चांगलं काचमशीनही वाया जातं.

मोटरचं झाकण उघडल्यावर आत काळी भुकटी होती. दोन्ही कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज देणारे ठोकळे, झिजून अगदी आखूड उरलेले, त्यामुळे मागची स्प्रिंग त्यांना पुरेशी दाबत नव्हती. मुठीच्या ठोक्याने ते क्षणभर टेकायचे आणि मोटर चालायची. आर्मेचरवर तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या, आणि गिअरमधलं ग्रीस पिवळं, मेणचट, घट्ट झालेलं. दातेरी चाक मात्र शाबूत.

मी विचारलं, नवे कार्बन घालता येणार नाहीत का? मिस्त्रींनी खरं ते सांगितलं. दुसऱ्या मोटरचे कार्बन कानसून बसवता येतात, त्यांनी आयुष्यभर तसं केलंय. पण आर्मेचर एवढं करपलेलं असेल तर ते फार टिकत नाही. तार आणि पट्टी चांगली आहे, म्हणून मशीन ठेवायचं आणि फक्त मोटर नवी घ्यायची.

मोटर घेताना पाहायच्या गोष्टी त्यांनी माझ्या वहीत लिहून दिल्या. डाव्या आणि उजव्या दाराची मोटर एकमेकींची उलट असते. कपलरच्या पिना सारख्या हव्यात, कारण ज्या गाडीत एका दाबाने काच पूर्ण वर जाते तिच्या मोटरला जास्त वायरी असू शकतात. गिअरचे दाते जुन्या चाकाशी मोजून घ्यायचे. जुन्या मोटरवरच्या चिठ्ठीवरचा नंबर दुकानात दाखवायचा, गाडीचं नुसतं नाव सांगून भागत नाही. भंगारातल्या गाडीची मोटर स्वस्त मिळते, पण तिचे कार्बन किती उरलेत हे बाहेरून दिसत नाही. मी नंबर जुळवून नवी घेतली आणि मागच्या चॅनेलचं नवं रबरही.

१५ जून, शनिवार

रत्नागिरीचं जाणं पुढच्या शनिवारवर ढकललं. आज जोडणी.

आधी वाट साफ केली. डिंक स्पिरिटने भिजवून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. पुढची खोबण साबणाच्या पाण्याने धुतली, पुसली, पूर्ण वाळू दिली. मागे नवं रबर बसवलं. दोन्हींत सिलिकॉनचा फवारा. रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नये असं मिस्त्री पुन्हा पुन्हा सांगत होते. खनिज तेलाने रबर फुगतं, आणि तेलकट जागी धूळ आणखी चिकटते. तार आणि पट्टी यांना मात्र पांढरं ग्रीस लावलं.

काच अजून सुटीच होती. त्यांनी मला पुन्हा हाताने सरकवायला लावली. आता ती तळापासून टोकापर्यंत सारख्याच जोराने गेली. त्यानंतरच नवी मोटर मशीनवर चढली. काच बोल्टांवर सैल धरून पूर्ण वर नेली, चौकटीत नीट बसली हे पाहिलं आणि मग बोल्ट आवळले. आधीच आवळले असते तर काच तिरपी राहून एका कडेला घासली असती.

पॅड लावण्याआधी क्लँप मीटर पुन्हा लावला. पाचाच्या थोडं वर. मिस्त्रींनी मान हलवली आणि मुलाला म्हणाले, "लिहून ठेव." फाटलेल्या कागदाच्या जागी नवं जाड पॉलिथिन कापून नव्या गमने चिकटवलं, खालची कड दाराच्या आत वळवून, म्हणजे पाणी भोकांकडेच जाईल. ते बसल्यावर पॅड.

मजुरी त्यांनी कमी सांगितली. मी त्यांनी शिकवलेल्याचेही पैसे धरून दिले. असं ज्ञान स्वस्तात मागणं योग्य नाही.

१८ जून, मंगळवार

आईने आज विचारलं, "पाण्यात गाडी अडकली, तर ही काच उघडेल का गं?"

तिच्या प्रश्नाला आधार आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गुदमरून गेली. आमच्या कोल्हापुरातही पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ साली महामार्गावर आलं होतं.

मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते. पाणी दाराशी चढायला लागलं की पट्टा सोडून काच ताबडतोब खाली घ्यायची, फोन नंतर. वीज काही वेळ चालण्याची शक्यता असते, पण तिची खात्री नसते. बाहेर पाणी चढलं की दाबाने दार उघडत नाही. काच नाहीच उतरली तर बाजूची काच फोडायची. ती बहुतेक गाड्यांत टफन्ड असते, टोकदार हातोडीने कोपऱ्याजवळ मारली की तिचा चुरा होतो. पुढची मोठी काच दोन थरांमध्ये पडदा घालून केलेली असते, ती फोडण्यात वेळ घालवायचा नाही. हातोडी आता माझ्या बाजूच्या कप्प्यात आहे, डिकीत नाही.

भाचा येतो तेव्हाची काळजी वेगळी. बंद होणारी काच लहान मुलाच्या गळ्यावर येऊ शकते. अमेरिकेत २००४ साली नियमच केला की, मुलाच्या गुडघ्याचा भार चुकून पडला तर काच वर जाईल असं बटण चालणार नाही. काही गाड्यांत अडथळा लागताच काच परत खाली जाते. माझ्या गाडीत ती सोय नाही, म्हणून मागच्या काचांचं लॉक दाबलेलं राहील आणि किल्ली गाडीत सोडून कुणी उतरणार नाही.

२३ जून, रविवार

काल आंबा घाटातून रत्नागिरी, आज परत. धुक्यात आतून काच धूसर झाली की जरा उतरवावी लागे, सर आली की लगेच वर. काच प्रत्येक वेळी एका चालीत गेली.

संध्याकाळी उरलेल्या तिन्ही दारांकडे वळले. खालची भोकं तपासली; मागच्या दोन्ही दारांची बुजलेली होती, ती मोकळी केली. खोबणी ओल्या फडक्याने पुसल्या, वाळू दिल्या, सिलिकॉन मारला. प्रत्येक काच तळापासून वर जायला किती सेकंद घेते ते घड्याळ लावून वहीत लिहिलं. हाताला जे कळायचं ते आता या आकड्यांवरून कळेल. एखादी काच तिच्या आकड्यापेक्षा रेंगाळायला लागली की त्याच आठवड्यात तिची खोबण धुवायची, मोटर थांबायची वाट पाहायची नाही.

दर वर्षी रोहिणीत, मृगाच्या आधी, हे काम करायचं. एक फडकं, जाड वायर आणि सिलिकॉनचा डबा एवढंच लागतं. आणि कुणी मोटर बदलायला निघालं तर त्याला मी एवढंच सांगेन, की जुनी काढल्यावर नवी बसवण्याआधी सुटी काच एकदा स्वतःच्या दोन्ही हातांनी वरखाली करून बघ. ती अडत असेल तर पैसे मोटरवर घालण्याआधी काचेच्या वाटेवर घाल.